यामादा तारोच्या खाली एक ओळ
जपानसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी इंजिनिअरांना खुले पत्र

निशी-कासाई, टोकियो

निशी-कासाईपासून हिंजवडीपर्यंत जपानी कंपन्यांसाठी कोड लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दोन्हीकडचं एकमेकांना समजावून सांगणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेअकराला आमच्या दाराची बेल वाजली. शेजारच्या इमारतीत नुकतंच एक जोडपं राहायला आलंय, त्यातली ती होती. कडेवर सव्वा वर्षाची मुलगी, हातात फोन. मुलीला 39 अंश सेल्सिअस ताप आणि नवरा कंपनीच्या कामासाठी ओसाकाला. जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे दुसऱ्या दिवशीचा नंबर आदल्या रात्री ऑनलाइनच लावावा लागतो, त्या वेळी फोन कुणी उचलत नाही. ती म्हणाली, "ताई, अर्धा तास झाला, फॉर्म नावच घेत नाहीये."

मी फोन हातात घेतला. मुलीचं नाव आपण आर्या जाधव धरू. आडनावाच्या चौकटीत तिने रेसिडेन्स कार्डावर, म्हणजे इथल्या परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रावर, आहे तसं इंग्रजी अक्षरांत जाधव लिहिलं होतं. चौकटीखाली लाल अक्षरं होती, पूर्ण रुंदीची अक्षरं हवीत (म्हणजे काय, ते पुढे सांगते). तिच्या फोनवर इंग्रजी आणि मराठी असे दोनच कीबोर्ड होते, जपानी आधी बसवून घ्यावा लागला. पूर्ण रुंदीचं इंग्रजी लिहिल्यावर ती चौकट गप्प झाली. खालच्या चौकटीत तेच नाव काताकानात, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या जपानी लिपीत, हवं होतं. 'जाधव' कसंबसं बसलं. 'आर्या' लिहिताना पहिल्या 'आ'पुढे लांबवण्याची आडवी रेघ येते. ती तिने आकड्यांच्या कीबोर्डवरून घेतली होती. पुन्हा लाल ओळ: "झेन्काकु काताकाना दे न्यूर्योकु शिते कुदासाइ." म्हणजे पूर्ण रुंदीच्या काताकानात भरा. ती रडवेली होऊन म्हणाली, "काताकानाच तर आहे हे!" तिचं काही चुकलं नव्हतं. वजाबाकीचं चिन्ह, जोडरेघ, लांब डॅश आणि काताकानातली दीर्घ स्वराची रेघ, चारही पडद्यावर एकसारख्या दिसतात. संगणकाला मात्र त्या चार वेगळ्या गोष्टी. ती रेघ बदलली, तर त्याच फॉर्मात खाली फोन नंबर अर्ध्या रुंदीच्या आकड्यांत मागितलेला. तोवर वेळ संपली आणि पान पहिल्यापासून सुरू झालं. असं दोनदा झालं. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी चौदावा नंबर लागला. पोर तोवर माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

मुलगी आता बरी आहे. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ती लाल ओळ माझ्या ओळखीची आहे. तसलीच ओळ मी स्वतः लिहिलेली आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलेली असणार. म्हणून हे पत्र कुठल्या मंत्रालयाला किंवा बँकेला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

ज्यांनी जपानी सिस्टिमवर कधी काम केलेलं नाही अशांच्याही हाती हे पत्र पडेल, म्हणून थोडं मागून सांगते. जपानी संगणकात एकाच अक्षराची दोन रूपं असू शकतात. झेन्काकु म्हणजे पूर्ण रुंदीचं, कांजीएवढा, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षराएवढा, चौकोन भरणारं. हान्काकु म्हणजे त्याच्या निम्म्या रुंदीचं. आकडा 1 असा दोन प्रकारचा, इंग्रजी ए दोन प्रकारचं, काताकानातला 'का' दोन प्रकारचा. सुरुवातीच्या यंत्रांत हजारो कांजी मावण्याची सोय नव्हती, तेव्हा 1969 साली काताकाना एकेका बाइटमध्ये बसवायचं मानक ठरलं. 1973 मध्ये बँकांना जोडणारं झेन्गिन नावाचं जाळं सुरू झालं आणि खातेदारांची नावं त्याच निम्म्या रुंदीच्या काताकानातून इकडून तिकडे जाऊ लागली. आज 50 वर्षांनंतरही आपल्या पगाराबरोबर आपलं नाव त्याच कपड्यांत प्रवास करतं.

त्या निम्म्या रुंदीत 'गा' हे अक्षर एकसंध नसतं. आधी 'का', मग दोन टिंबांसारख्या रेघा, अशी दोन घरं त्याला लागतात. बँकांच्या त्या नियमांत काताकानातली लहान अक्षरं चालत नाहीत, त्यामुळे 'जा' लिहिताना लागणारा लहान 'या' मोठा करावा लागतो. दीर्घ स्वराच्या रेघेच्या जागी तिथे चक्क जोडरेघ वापरतात. म्हणजे जी जोडरेघ दवाखान्याच्या फॉर्मने त्या रात्री नाकारली, तीच बँकेच्या नोंदीत बरोबर ठरते. आपल्या तीन अक्षरांच्या 'जाधव'ला तिथे सात घरं लागतात आणि दवाखान्यातला जाधव व बँकेतला जाधव संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं होतात.

आता आपल्या नावांकडे या. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. पासपोर्टात पहिली दोन एकाच रकान्यात जातात, आणि जपानच्या रेसिडेन्स कार्डावर पासपोर्टातलं सगळं जसंच्या तसं इंग्रजी मोठ्या अक्षरांत उतरतं. समजा, एखादे ज्ञानेश्वर विठ्ठल कुलकर्णी आहेत. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून त्यांचं नाव 28 अक्षरांचं होतं. काताकानात नेलं तर 'कुरुकारुनी' हे आडनाव सहज मावतं, पण नावाच्या रकान्यात 10 अक्षरांची मर्यादा असली की विठ्ठल दारातच अडतो. ज्ञानेश्वरांचं तर विचारूच नका. आपण 'ज्ञ' इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो, म्हणून काउंटरवरचा माणूस प्रामाणिकपणे 'दोन्यानेशुवारु' असं वाचतो आणि तसंच नोंदवतो. दुसऱ्या ठिकाणी ज्ञानेश्वर स्वतः 'ग्यानेशुवारु' लिहितात. तिसऱ्या ठिकाणी मधलं नाव वगळलेलं असतं. रेसिडेन्स कार्डावर काताकाना नसतंच, त्यामुळे यातलं अधिकृत कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि फॉर्म तर कार्डाप्रमाणेच नाव भरा असं सांगतो!

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. बऱ्याच तमिळ सहकाऱ्यांना आडनावच नसतं. कितीतरी इंडोनेशियन माणसांचं अख्खं नाव एकाच शब्दाचं असतं. ब्राझीलहून आलेल्यांची नावं चार-चार शब्दांची असतात. 2024 च्या अखेरीस जपानमध्ये 37 लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते, त्यात आपण भारतीय 50 हजारांच्या वर. एवढ्या सगळ्यांना रोज कुठल्या ना कुठल्या चौकटीपुढे आपलं नाव कापून, ताणून, दुमडून बसवावं लागतं.

नाव न जुळण्याची किंमत पैशांतही मोजावी लागते. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मुलांच्या भत्त्यासाठी अर्ज केला. ऑक्टोबर 2024 पासून हा भत्ता अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळतो, पालकांच्या उत्पन्नाची अट निघाली, आणि तीन वर्षांवरच्या पहिल्या-दुसऱ्या मुलाला महिना 10,000 येन असं त्याचं गणित आहे. पैसे दर दोन महिन्यांनी जमा होतात. अर्जात तिने नाव आणि आडनाव लिहिलं. बँकेत मात्र तिचं मधलं नावही होतं, तेही पहिल्या नावाला चिकटवलेलं. संबंधित कार्यालयाचं पत्र आलं, खातं जुळत नाही. ते पत्र तिला वाचता आलं नाही, जाहिरात समजून तिने बाजूला ठेवलं. पैसे मिळाले, पण पुढच्या फेरीला. त्या घरात तेव्हा एकाच पगारावर चौघं जगत होती.

नवीन आलेल्या बायकांचे पहिले सहा महिने मला जास्त खुपतात. परकीय चलनाच्या कायद्यानुसार जपानमध्ये येऊन सहा महिने झालेले नसतील आणि इथल्या कार्यालयात नोकरी नसेल, तर तुम्ही बँकेच्या लेखी अनिवासी. नवऱ्याला नोकरी आहे, म्हणून त्याचं खातं लगेच उघडतं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकोला बऱ्याच बँका थांबायला सांगतात. खातं नाही म्हणून स्वतःचं कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या नावावर फोन नाही, आणि स्वतःचा नंबर नाही म्हणून ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. पुण्या-मुंबईत दहा वर्षं नोकरी केलेली बाई इथे आल्यावर भाजी ऑनलाइन मागवायला नवऱ्याची मीटिंग संपायची वाट बघते. 'तुझ्या फोनवर आलाय का बघ ना' हे वाक्य मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. कायदा बदलणं आपल्या हातात नाही. पण ओटीपी ईमेलवरही पाठवायची सोय ठेवा, एवढं सुचवणं तरी आपल्या हातात असतं की नाही?

भाषांतराचं बटण आहे ना, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात. मीही म्हणायचे. पण सूचना चित्रात लिहिलेल्या असतील तर ब्राउझरला त्या दिसतच नाहीत, आणि इथे कचरा वेगळा करण्याच्या तक्त्यापासून पाळणाघराच्या, म्हणजे होइकुएनच्या अर्जापर्यंत कितीतरी मजकूर चित्रात नाहीतर पीडीएफमध्ये असतो. जो मजकूर दिसतो, त्याचं भाषांतर केल्यावर फॉर्मच मोडतो, हे तर आपल्याच खात्यातलं काम. रिअ‍ॅक्टवर काम करणाऱ्यांनो, वेबपानं बनवायच्या त्या साधनाचा हा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. भाषांतर करताना ब्राउझर पानावरच्या शब्दांभोवती स्वतःचे टॅग गुंडाळतो. मग रिअ‍ॅक्ट जुना शब्द काढायला जातं, तर तो जागेवर नसतो. पडदा पांढरा होतो. पलीकडच्या माणसाला वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. बदलणारा मजकूर वेगळ्या स्पॅनमध्ये ठेवला तर यातलं पुष्कळ टळतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण कुणाच्याच तक्त्यात 'भाषांतर चालू ठेवून तपासा' अशी ओळ नसते, म्हणून ते कुणी करत नाही.

माय नंबर कार्डाबद्दल, म्हणजे इथल्या रहिवाशांच्या ओळखक्रमांकाच्या कार्डाबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण त्यावर स्वतंत्र पत्र होईल. 2 डिसेंबर 2024 पासून आरोग्यविम्याची जुनी कार्डं देणं बंद झालं आणि ते काम माय नंबर कार्डावर आलं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना वेगळं प्रमाणपत्र मिळतं, तेवढी काळजी सरकारने घेतली आहे. पण ज्यांच्या व्हिसाला मुदत असते त्यांच्या कार्डाची मुदत व्हिसाबरोबरच संपते. व्हिसा वाढवायचा अर्ज केलेला असेल तर निकाल लागेपर्यंत जास्तीत जास्त दोन महिने राहता येतं. कार्ड मात्र त्यासोबत आपोआप वाढत नाही, वॉर्ड ऑफिसात जाऊन वेगळं वाढवून घ्यावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस दवाखान्यातल्या यंत्रासमोर उभा राहतो आणि यंत्र त्याला ओळखत नाही. तुमच्यापैकी जे कुणी मुदतीच्या सूचना पाठवणाऱ्या प्रणालींवर काम करत असाल, त्यांनी ही एक तारीख लक्षात ठेवा.

आता माझं स्वतःचं सांगते. मी 2011 च्या शरदात इथे आले. 9 जुलै 2012 ला परदेशी नागरिकांची जुनी वेगळी नोंदणी बंद झाली, आपण सगळे जपानी शेजाऱ्यांबरोबर एकाच रहिवासी नोंदवहीत आलो आणि रेसिडेन्स कार्ड सुरू झालं. तेव्हा मला फार आनंद झाला होता, घरच्या यादीत नाव आल्यासारखा. त्यानंतर चार वर्षांनी एका प्रकल्पात नोंदणीच्या पानाचं काम माझ्याकडे आलं. क्लायंटच्या शियोशोत, म्हणजे कामाच्या तपशीलवार आराखड्यात, लिहिलं होतं: आडनाव पूर्ण रुंदी 10 अक्षरं, नाव पूर्ण रुंदी 10 अक्षरं, काताकाना तसंच. मी वाचलं. माझं स्वतःचं नाव त्यात बसत नाही, हे मला वाचतावाचताच दिसलं. रिव्ह्यूला आम्ही सात जण होतो, त्यात तिघं भारतीय. मी बोलले नाही. इथे राहून आपण 'कूकी ओ योमु' शिकतो, हवेचा अंदाज घ्यायचा, सगळे जिकडे वाहतायत तिकडे वाहायचं. मी तो अंदाज घेतला, रेगेक्स, म्हणजे भरलेली अक्षरं नियमात बसतात का ते तपासणारं सूत्र, लिहिलं, लाल अक्षरांतली ओळ लिहिली. टेस्टिंग पुण्यात झालं. त्या तक्त्यात शंभरावर केसेस होत्या आणि सगळ्यांत नाव एकच, यामादा तारो. बाई हवी असेल तिथे यामादा हानाको. जपानमध्ये नमुना फॉर्मवर जे नाव छापतात तेच. सगळ्या केसेस पास झाल्या. आम्ही पार्टी केली.

ते पान अजून वापरात आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. असेल तर रोज कुणीतरी त्या ओळीपुढे थांबत असणार, आणि ती ओळ माझ्या हातची आहे. त्या रात्री खांद्यावर झोपलेलं पोर सांभाळताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

जपानी माणसं हे मुद्दाम करत नाहीत, इतकी वर्षं इथे राहून हे मी खात्रीने सांगू शकते. 17 जानेवारी 1995 ला कोबेच्या भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचना कळल्या नाहीत म्हणून इथल्या भाषातज्ज्ञांनी 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, घडवली. 'स्थलांतर करावे' अशा जड शब्दाऐवजी 'पळा' म्हणायचं. ऑगस्ट 2020 मध्ये सरकारने कार्यालयांसाठी त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. निशी-कासाई ज्यात येतं त्या आपल्या एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. 2019 साली वॉर्डाने पुराचा नकाशा काढला, त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, "इथे थांबू नका." ते वाचायला मला शब्दकोश लागला नाही, आमच्या आठ वर्षांच्या मुलालाही लागला नाही. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मोठं वादळ आलं, तेव्हा त्या मोजक्या शब्दांचं मोल समजलं. साधं बोलायचं ठरवलं की हा देश इतकं साधं बोलू शकतो.

नावाच्या उच्चाराचा घोळ त्यांच्याही घरात होता. 26 मे 2025 पासून जपानी नागरिकांच्या कुटुंबनोंदवहीत, कोसेकीत, नावांचे उच्चार अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात झाली. इतकी वर्षं तेही तिथे नव्हते! त्या नोंदवहीत आपण नसतो, त्यामुळे आपला प्रश्न त्याने सुटत नाही. पण ही चर्चा आता कार्यालयांच्या टेबलावर आलेली आहे, आणि बोलायची वेळ हीच आहे.

आपल्याकडेही काही वेगळं नाही, हे मला माहीत आहे. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलांना 12 महिन्यांत 182 दिवस राहिल्याशिवाय आधारसाठी अर्ज करता येत नाही, आणि जुलै 2025 पासून तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं. हिंजवडीतल्या मित्रांनो, त्या मुलांच्या जागी आम्हाला ठेवून बघा, म्हणजे हे पत्र परकं वाटणार नाही.

काय करायचं, ते तुमच्या-माझ्या रोजच्या भाषेत सांगते. रुंदीचा प्रश्न एका ओळीचा आहे. पूर्ण रुंदीच्या आणि साध्या इंग्रजी अक्षरांत, आकड्यांत युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाने, नेमकं 65248 चं अंतर ठेवलेलं आहे, आणि एनएफकेसी नावाचं नॉर्मलायझेशन ते अंतर आपोआप मिटवतं. ही सोय जावास्क्रिप्टमध्ये 2015 पासून आहे, जावात त्याच्याही आधीपासून. अर्ध्या रुंदीचा 'का' आणि त्याच्या दोन रेघा एकत्र करून एनएफकेसी एकसंध 'गा'सुद्धा देतं. बँकेला अर्धी रुंदी हवी असेल तर पाठवताना उलट बदला. आडव्या रेघांना एनएफकेसी पुरत नाही, त्यांची चार-पाच चिन्हांची यादी करून हाताने बदलावी लागते, तेवढं करा. माणूस हवं ते लिहील, बदलायचं काम यंत्र करेल. यंत्र त्यासाठीच आहे ना?

लांबीची मर्यादा डेटाबेसमुळे आहे की कुणीतरी 20 वर्षांपूर्वी तसं लिहिलं म्हणून आहे, हे विचारा. मला आतापर्यंत जेव्हा जेव्हा विचारायचा धीर झाला, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर दुसरं, म्हणजे कुणीतरी तसं लिहिलं म्हणून, हेच निघालं. मधल्या नावाला जागा मागा. आडनाव नसणाऱ्याला पुढे जाऊ द्या. आणि त्या लाल ओळीत काय चुकलंय ते लिहा. 'पूर्ण रुंदीच्या काताकानात भरा' यापेक्षा 'तिसरं अक्षर जोडरेघ आहे, तिथे दीर्घ स्वराची रेघ हवी' हे सांगणं प्रोग्रामला अवघड नाही, कारण कुठलं अक्षर अडलं ते त्याला माहीतच असतं. वेळ संपणार असेल तर आधी विचारा, भरलेलं पुसू नका.

क्लायंटला हे सांगायचं कसं, ही खरी अडचण आहे. 'परदेशी लोकांना त्रास होतो' म्हटलं की समोरून नम्र उत्तर येतं, आमच्याकडे असे ग्राहक थोडे आहेत. मी अलीकडे वेगळं सांगते. जपानमधले सुमारे 29 टक्के लोक 65 च्या पुढचे आहेत. माझ्या मजल्यावरच्या 78 वर्षांच्या आजी फोन नंबर पूर्ण रुंदीच्या आकड्यांत लिहितात, कारण त्यांचा कीबोर्ड तसाच उघडतो, आणि फॉर्म त्यांनाही परत पाठवतो. त्यांना वाटतं, आपलं वय झालं. त्या आजींचं उदाहरण मी बैठकीत दिलं, तेव्हा क्लायंटकडचे विभागप्रमुख क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "माझी आईही हेच म्हणते." तो बदल मंजूर झाला. त्या आजी आणि आर्याची आई एकाच चौकटीपुढे अडकल्या होत्या, एकीसाठी उघडलेली चौकट दुसरीसाठीही उघडली.

तुमच्यातले कितीतरी जण कंत्राटी आहेत, व्हिसा कंपनीच्या हातात आहे, बोललं तर पुढचं नूतनीकरण अडेल अशी धास्ती असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी बैठकीत एकट्याने उभं राहू नये. रिव्ह्यूच्या शीटमध्ये प्रश्न म्हणून लिहा: 'मधलं नाव असलेल्या ग्राहकाच्या बाबतीत काय अपेक्षित आहे?' लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देणं जपानी ऑफिसात टाळता येत नाही. आणि जे कायमचे रहिवासी झालेत, टीम लीड झालेत, ज्यांच्या शब्दाला वजन आलंय, त्यांनी तो प्रश्न वाचल्यावर तोंड उघडावं. मी त्यांच्यातच मोडते, म्हणून हे हक्काने सांगतेय.

पुण्यातल्या टेस्टिंगच्या मुलामुलींना वेगळं सांगायचंय. तुमच्यातल्या अनेकांची जपानी माझ्यापेक्षा चांगली आहे, परीक्षा देऊन शिकलेली आहे. टेस्ट डेटा तुम्ही बनवता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, बजेट लागत नाही, शियोशो बदलावा लागत नाही. चुकीचं काही सापडलं तर ते डिफेक्ट म्हणून रीतसर वर जातं, आणि डिफेक्टला उत्तर द्यावंच लागतं.

गेल्या सोमवारी मी आमच्या टीमची टेस्ट डेटाची एक्सेल शीट उघडली. पहिल्या ओळीत यामादा तारो, दुसऱ्या ओळीत यामादा हानाको. त्यांच्या खाली मी कुलकर्णी ज्ञानेश्वर विठ्ठल लिहिलं, त्याखाली आडनावाची जागा रिकामी ठेवून एक इंडोनेशियन नाव, आणि त्याखाली जाधव आर्या, आडव्या रेघेसकट, चार वेगवेगळ्या रेघांसाठी चार ओळी. बुधवारपर्यंत पुण्याहून अकरा डिफेक्ट आले. आज त्यातल्या नवव्यावर बैठक आहे, दुपारी तीनला.

तुमची,
निशी-कासाईतली एक मराठी इंजिनिअर